सासूबाईंचे साठांपैकी चव्वेचाळीस

संगणक-जाळ्यांच्या व्यवस्थापनाची सराव परीक्षा क्रमांक चार. एकूण प्रश्न साठ, प्रत्येकाला पर्याय चार, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला शिक्षा नाही. लॅबसरांना एकोणीस गुण मिळाले. त्यांच्या सासूबाईंना चव्वेचाळीस.

लॅबसर अठ्ठावीस वर्षे एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेचे प्रमुख होते, आणि त्यांपैकी शेवटच्या अकरा वर्षांत महाविद्यालयातला एकूण एक संगणक त्यांनीच दुसऱ्याला जोडला होता. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. संगणकाशी त्यांचा संबंध एवढाच, की घरातल्या संगणकावरचे कापडी आच्छादन त्यांनी शिवले होते, आणि तेही मापात थोडे चुकले होते.

परीक्षेचा हा उपद्व्याप लॅबसरांनी हौसेने आरंभला नव्हता. प्राचार्यांचे पत्र आले होते. पुढच्या सत्रापासून प्रयोगशाळा आणि संगणककक्ष यांचे एकत्रीकरण होणार असून, या एकत्रित विभागाच्या प्रमुखाकडे जाळे-व्यवस्थापनाचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असणे अनिवार्य राहील. महिनाअखेर ते सादर न करणाऱ्यास अतिरिक्त ठरवून संस्थेच्या दुसऱ्या गावातील शाखेत पाठवण्यात येईल. ते दुसरे गाव सहा तासांवर होते. लॅबसरांच्या पत्नी याच गावात ग्रंथपाल होत्या, आणि सासूबाई त्यांच्याजवळ राहत होत्या. तेव्हा साठांपैकी बेचाळीस गुण मिळवायचे, नाहीतर रविवारपुरता संसार करायचा, असा सरळ हिशेब होता.

पदासाठी दुसरा अर्ज क्रीडाशिक्षकांचा होता. संघातील खेळाडूंची यादी आपण संगणकावर ठेवतो, एवढा अनुभव त्यांनी अर्जात नमूद केला होता. ठळक अक्षरात.

परीक्षेला बसण्याची परवानगी मिळवणे ही त्या परीक्षेपूर्वीची एक परीक्षाच होती. मुख्य लिपिकांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारले, "तुमच्याकडे हे प्रमाणपत्र आधीपासून नाही, याला पुरावा काय?"

"असतं तर मी परीक्षेला कशाला बसलो असतो?"

"ते तोंडी झालं. फायलीत काय लावू?"

अखेर आपल्याजवळ प्रमाणपत्र नसल्याचे प्रमाणपत्र लॅबसरांनी स्वतःच तयार केले, प्राचार्यांची सही घेतली, आणि त्याच्या तीन प्रती मुख्य लिपिकांना दिल्या. चौथी प्रत त्यांनी स्वतःजवळ ठेवली. आयुष्यात काय नाही याचा अधिकृत दाखला फार थोड्या लोकांजवळ असतो.

अभ्यासाला त्यांनी दहा सराव परीक्षांचा एक संच आणला आणि आपल्या शिस्तीने काम सुरू केले. प्रत्येक प्रश्न वाचायचा, अशक्य पर्याय खोडायचे, उरतील त्या दोघांची अक्षरे वहीच्या समासात लिहायची, दोघांची बाजू तपासायची आणि मग निवड करायची. ही पद्धत निर्दोष होती. पहिल्या तीन परीक्षांत तिने एकवीस, अठरा आणि वीस गुण दिले.

"अहो, या सातव्या प्रश्नात चुकण्यासारखं काय होतं?" पत्नींनी वही पाहून विचारले. प्रश्न असा होता: एका कर्मचाऱ्याची तक्रार आहे की इंटरनेट चालत नाही. तंत्रज्ञाने प्रथम काय करावे? अ) केबल तपासावी. ब) राउटर बदलावा. क) ही अडचण नेमकी कोणाला, कधीपासून आणि कोणत्या बदलानंतर येऊ लागली हे विचारून घ्यावे व त्यानंतरच पुढील पाऊल ठरवावे. ड) वरिष्ठांना कळवावे.

"मी 'अ' लिहिलं. केबल."

"आधी विचारायला नको का माणसाला?"

"अकरा वर्षांत मी एकशे चाळीस तक्रारी सोडवल्या. एकशे बारा वेळा केबल सुटलेली होती. माणसाला विचारलं की तो म्हणतो, मी काहीच केलं नाही. आणि त्याच्या खुर्चीचं चाक केबलवर असतं."

"पण उत्तर 'क' आहे."

"उत्तर चुकीचं आहे," लॅबसर म्हणाले, आणि संचाच्या प्रकाशकाला त्यांनी दीड पानी पत्र लिहिले. तीन दिवसांनी उत्तर आले. 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का? अ) होय. ब) बऱ्याच अंशी. क) होय, आणि आपल्या उत्पादनाची शिफारस मी माझ्या मित्रांना, नातेवाइकांना व सहकाऱ्यांना आनंदाने करीन. ड) अद्याप ठरवलेले नाही.' 'नाही' हा पर्याय प्रकाशकाला सुचलेला नव्हता. लॅबसरांनी तो कागद टेबलावर आपटला. संध्याकाळी पाहतात तो त्यावर सासूबाईंच्या पेन्सिलीने 'क' वर खूण केलेली.

"दिसला कागद, केली खूण," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या इथे हल्ली तेच चाललंय ना?"

मग चौथी परीक्षा झाली आणि एकोणीस आले.

"एकोणीस म्हणजे नापासच ना हो?"

"नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. कशाच्या तुलनेत एकोणीस, हे महत्त्वाचं."

"बेचाळिसाच्या तुलनेत."

पण लॅबसर विज्ञानाचे मनुष्य होते आणि तुलनेवाचून त्यांना चैन पडत नसे. ज्याला विषयाचे अक्षरही कळत नाही अशा व्यक्तीला हीच प्रश्नपत्रिका द्यावी. चारांतून एक या हिशेबाने तिला पंधरा गुण मिळतील. पंधराच्या शेजारी एकोणीस मांडले म्हणजे ज्ञानाचा परिणाम, लहान का असेना, सिद्ध होईल. अशी त्यांची योजना होती. स्वतःचा अपमान करून घेण्यासाठी मनुष्याने इतकी शास्त्रशुद्ध तयारी क्वचितच केली असेल.

"आई, एवढी उत्तरं लिहून द्या."

"मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही हो, जावईबापू."

"म्हणूनच तुम्ही हव्यात."

हे वाक्य पुढे तीन आठवडे त्यांना घरात वेगवेगळ्या आवाजांत ऐकावे लागले.

सासूबाईंनी कागद गुडघ्यावर घेतला, पेन्सिलीला टोक काढले, अकरा मिनिटांत साठ खुणा केल्या आणि विचारले, "झालं. अजून आहेत का?" लॅबसरांनी गुण मोजले. मग पुन्हा मोजले. मग पत्नींना मोजायला लावले. बाई ग्रंथपाल असल्याने मोजणीत चुकत नसत. चव्वेचाळीस.

"आई पास झाली!" पत्नी म्हणाल्या, आणि हे त्यांनी नेमके जिन्याचे दार उघडे असताना म्हटले.

वरच्या मजल्यावर विमा खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांना सगळी इमारत विमेकाका म्हणे. ते पाचव्या मिनिटाला खाली उतरले.

"सर, वाईट वाटून घेऊ नका. ज्ञान वेगळं, आतून येणं वेगळं. आणि मी सांगतो, अडलं की 'क' लिहायचं. आमच्या खात्याच्या परीक्षेत मी सगळीकडे 'क' लिहिला होता."

"पास झालात?"

"तिसऱ्या खेपेला."

लॅबसरांनी मात्र ती शक्यता टाळली नाही. पाचव्या परीक्षेत त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे पर्याय चिठ्ठ्या टाकून पुन्हा मांडले, म्हणजे अक्षरांची ठरावीक चाल असेल तर मोडावी. सासूबाईंना त्रेचाळीस मिळाले. आपला चेहरा पाहून त्यांना उत्तर कळत असावे, अशी शंका घेऊन सहाव्या परीक्षेच्या वेळी ते स्नानगृहात जाऊन बसले. पंचेचाळीस. सातव्या परीक्षेत त्यांनी अघोरी उपाय केला. प्रश्नच कापून टाकले आणि नुसते पर्याय सासूबाईंपुढे ठेवले. चव्वेचाळीस.

"आई, प्रश्न नसताना तुम्ही उत्तर दिलंत कसं?"

"प्रश्न मी आधीही कुठे वाचत होते?" सासूबाई म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना लॅबसरांनी मीठसुद्धा खुणेने मागितले.

इमारतीत मात्र बोलण्याला ऊत आला. पहिले आले विमेकाकाच. त्यांनी आपला प्रश्न सासूबाईंच्या पद्धतीने, म्हणजे चार पर्यायांसह, स्वहस्ते लिहून आणला होता. निवृत्तीनंतर काय करावे? अ) विश्रांती. ब) फिरणे. क) वाचन. ड) आत्मचरित्र लिहावे, ज्यात खात्यात झालेल्या अन्यायाची साद्यंत हकीकत यावी, कोणाचे नाव घेऊ नये, परंतु कोण ते सर्वांना कळावे. सासूबाईंनी 'ड' वर खूण केली. विमेकाकांचे डोळे भरून आले. "माझ्या मनातलं ओळखलंत," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पहिल्या प्रकरणाचे वाचन जिन्यात सुरू झाले. ज्याला दूध आणायला उतरायचे असेल त्याला एक पान ऐकल्यावाचून उतरता येईना.

मग समोरच्या दारातल्या दंतवैद्यीणबाई आल्या. त्यांचा प्रश्न दवाखाना कुठे हलवावा हा होता. तीन पर्याय दोन-दोन शब्दांचे. चौथा 'भावाच्या इमारतीत तळमजल्यावर, जिथे उजेड भरपूर आहे, गाड्या लावायला जागा आहे, आणि वहिनी दिवसभर कामावर असल्यामुळे समोर यायची नाही.' सासूबाईंनी चौथा निवडला. बाई म्हणाल्या, "मलाही आतून तेच वाटत होतं हो! पण कोणीतरी त्रयस्थाने सांगायला हवं होतं."

आठवड्याभरात दुपारी चार ते सहा ही सासूबाईंची वेळ ठरली. खुर्च्या कमी पडू लागल्या म्हणून लॅबसरांची अभ्यासाची खुर्ची बाहेर गेली आणि ते पलंगावर पोटावर पडून अभ्यास करू लागले. येणारा प्रत्येक जण जाताना आत डोकावून त्यांना धीर देई. "सर, तुमचंही होईल." विशेष म्हणजे कोणाचीही तक्रार नव्हती. सासूबाईंनी सांगितलेले सगळ्यांनाच पटत होते.

"तुम्हीही विचारून टाका की एकदा," पत्नी म्हणाल्या. "दहाच्या दहा परीक्षा आईकडून सोडवून घ्या, तिच्या खुणांची तऱ्हा पाठ करा आणि मोकळे व्हा. सहा तासांवर जाऊन एकटे राहणार आहात का?"

"कारण कळल्याशिवाय मी ते वापरणार नाही."

"विजेचं कारण आईला माहीत नाही. तरी दिवा लावते ना ती?"

यावर लॅबसरांजवळ उत्तर होते, पण ते लांब होते आणि पत्नी ग्रंथालयात निघाल्या होत्या.

अखेर ज्याची भीती होती तेच झाले. परीक्षा शनिवारी; बुधवारी संध्याकाळी क्रीडाशिक्षक आले. गळ्यात शिटी, हातात दहाव्या सराव परीक्षेची प्रत.

"सर, राग मानू नका. स्पर्धा मैदानात. आजी, एवढी उत्तरं देता का? छापील उत्तरसूची आहे, पण तुमच्या हाताला गुण आहे. मी पाठ करतो. पाठांतर म्हणजे सरावच शेवटी."

"उद्या या," सासूबाई म्हणाल्या. "आज माझ्या खुणा संपल्या."

गुरुवारी क्रीडाशिक्षक प्रश्नपत्रिकेच्या ताज्या प्रती घेऊन आले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीने कागद वाचवण्यासाठी मजकूर आडव्या पानावर बारीक छापला होता. बातमी पसरलेलीच होती. विमेकाका, दंतवैद्यीणबाई आणि आणखी चौघे शेजारी खोलीत दाटीवाटीने बसले. सासूबाईंनी कागद घेतला. जवळ धरला. दूर धरला. अकरा मिनिटांच्या जागी पस्तीस मिनिटे लागली. क्रीडाशिक्षकांनी उत्तरसूचीशी ताडून पाहिले आणि त्यांच्या तोंडून शिटीवाचूनच शिटी वाजली.

चौदा.

"आज लागत नाहीये," विमेकाका हळूच म्हणाले. दंतवैद्यीणबाईंनी, ज्यांचे सामान तोवर भावाच्या तळमजल्यावर पोहोचले होते, लगेच भावाला फोन लावला.

लॅबसरांची पहिली भावना, खोटे कशाला बोला, आनंदाची होती. चौदा म्हणजे पंधराच्या जवळ. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी वर्तवलेला आकडा अखेर हजर झाला होता. दुसऱ्या क्षणी त्यांचे लक्ष सासूबाईंच्या हाताकडे गेले. त्या कागदाची उजवी कड बोटांनी चाचपत होत्या.

त्यांनी जुनी प्रश्नपत्रिका आणि ही नवी शेजारी ठेवली. मजकूर त्याच जातीचा. फरक एकच होता. उभ्या पानावर लांब पर्याय दोन ओळींत मोडत. आडव्या पानावर प्रत्येक पर्याय एकाच ओळीत मावला होता.

"आई," ते सावकाश म्हणाले, "ही ओळ कुठे संपते, बोट ठेवा बरं."

सासूबाईंनी बोट ठेवले. ते कागदाच्या अर्ध्यावर पडले. ओळ त्यापुढे चांगली वीतभर गेली होती.

पत्नी उठल्या आणि आईसमोर येऊन बसल्या. "उजव्या डोळ्याने दिसत नाही तुला?"

"दिसतं की. धुकं दिसतं."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील चार-पाच महिने. आधी तुझी ग्रंथालयातली पुस्तकमोजणी, मग यांची परीक्षा. म्हटलं, कशाला आणखी एक. दुसरा डोळा आहे ना."

"आणि डाव्याने तरी अक्षर दिसतं का?" लॅबसरांनी विचारले.

"अक्षर नाही दिसत. पट्टे दिसतात. एखादा पट्टा जाड असतो, बाकीचे बारीक. जाड दिसेल त्यावर खूण करायची. आज मेले सगळे बारीकच." मग जरा रागावून म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, कळत नाही म्हणूनच हव्यात! मी कधी म्हटलं होतं मला कळतं म्हणून?"

हे खरे होते. तीन आठवड्यांत त्यांनी एकदाही तसा दावा केला नव्हता. दावा केला होता तो उरलेल्या इमारतीने.

शुक्रवारी सकाळी नेत्रवैद्यांनी तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात अधिक. शस्त्रक्रिया साधी, मंगळवारी करू. पत्नी परतीच्या वाटेवर रडल्या आणि घरी येऊन आईला खूप बोलल्या. एकाच घरात राहून ज्या माणसाने एका बाईची चार वेळा परीक्षा घेतली आणि तिला दिसत नाही हे ज्याला कळले नाही, त्याने निरीक्षण या विषयावर त्या दिवशी तरी बोलू नये, असे लॅबसरांचे मत झाले.

दुपारी मात्र ते पट्टी घेऊन बसले. उद्या परीक्षा असताना अभ्यास सोडून त्यांनी दहाही सराव परीक्षांतल्या सहाशे प्रश्नांचे पर्याय मोजले. चारशे अडतीस प्रश्नांत सर्वांत लांब पर्याय हाच बरोबर होता. शेकडा त्र्याहत्तर. साठांत चव्वेचाळीस.

"असं का हो?" सासूबाईंनी अंथरुणावरून विचारले. त्यांना आता या प्रकरणात रस वाटू लागला होता.

"चुकीचं उत्तर कसंही लिहिलं तरी चालतं, आई. ते चुकीचंच असायचं आहे. बरोबर उत्तरावर कोणी बोट ठेवू नये म्हणून लिहिणारा त्याला अटी जोडत जातो. हे असल्यास, ते नसल्यास, आधी हे करून मगच ते. त्याने ते लांबतं."

"आणि विमेकाकांचं?"

"माणसाला जे करायचं असतं तेच तो सविस्तर लिहितो."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांना त्यांचंच सांगितलं. मग बरोबरच सांगितलं."

आता नैतिक प्रश्न उभा राहिला. क्रीडाशिक्षकही उद्या परीक्षेला बसणार होते, आणि दोघांपैकी एकालाच पद होते. "त्यांना काही सांगायला जाऊ नका हं," पत्नींनी बजावले. "एवढी एकच गोष्ट आपल्याजवळ आहे."

"निष्कर्ष लपवून ठेवायचा नसतो."

"सोमवारी जाहीर करा! शनिवारचं तेवढं निघून जाऊ दे!"

पण लॅबसरांनी फोन केला. क्रीडाशिक्षकांना आधी संशय आला, मग त्यांनी एक सराव परीक्षा पडताळून पाहिली, आणि मग त्यांचा फोन आला. "सर, मनाचा मोठेपणा म्हणतात तो हा. दुसऱ्या गावी गेलात तरी मी तुम्हाला विसरणार नाही." पत्नी त्या संध्याकाळी नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

परीक्षाकेंद्रावर एका कडक बाईने सर्वांची ओळखपत्रे दोनदा पाहिली, खिसे उलटे करायला लावले, मनगटे तपासली, लॅबसरांचा चष्मा काढून उजेडात धरला आणि क्रीडाशिक्षकांची शिटी, पावती देऊन, जप्त केली. लॅबसर पडद्यासमोर बसले. त्यांनी ठरवले होते की विचार आपल्या पद्धतीने करायचा, आणि दोन पर्याय उरून अगदीच अडले तर लांबीचा पुरावा जमेस धरायचा.

पहिला प्रश्न आला. चारही पर्याय दोन-दोन ओळींचे. दुसरा. चारही दीड ओळीचे. तिसऱ्यात चारही एका शब्दाचे. खऱ्या परीक्षेचे प्रश्न काढणाऱ्यांनी पर्याय जणू कातरीने एका मापाचे कापले होते. लांबीचा पुरावा उरलाच नव्हता. एकोणीस, एकवीस, अठरा, वीस, असे सगळे आकडे लॅबसरांच्या डोळ्यांपुढून रांगेने गेले, पाठोपाठ ते सहा तासांवरचे गाव गेले. मग दुसरा इलाज नाही म्हणून त्यांनी पहिल्या प्रश्नावर परत येऊन विचार करायला सुरुवात केली. दोन अशक्य पर्याय खोडले. उरलेले दोन सारख्याच लांबीचे होते, म्हणून दोन्ही शेवटपर्यंत वाचावे लागले.

पलीकडच्या रांगेत क्रीडाशिक्षक अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पर्याय धरून पडद्यावर माप घेत होते. कडक बाईंनी त्यांना दोनदा समज दिली. "पडद्याला हात लावायचा नाही." "अहो, मी फक्त बघतोय." "बघायचं डोळ्यांनी असतं."

निकाल तिथल्या तिथे छापून मिळाला. क्रीडाशिक्षकांना सोळा. लॅबसरांना सत्तेचाळीस.

"सर, तुम्ही सांगितलेला नियम चुकीचा निघाला," क्रीडाशिक्षक शिटीची पावती शोधत खिन्नपणे म्हणाले.

"नियम त्या संचाचा होता. तुम्ही तो वेगळ्या नमुन्यावर लावलात."

"तुम्ही हे काल का नाही बोललात?"

"काल मलाही माहीत नव्हतं."

घरी पत्नींनी निकालाचा कागद वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "आता जेवायला बसा." त्यांचा अबोला संपला याचा तो अधिकृत दाखला होता. सोमवारी मुख्य लिपिकांनी प्रमाणपत्र घेतले आणि फायलीत आधीच लावलेल्या, प्रमाणपत्र नसल्याच्या प्रमाणपत्राचे आता काय करायचे, असे विचारले. मंगळवारी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दहा दिवसांनी सासूबाईंनी मोठ्या उत्साहाने राहिलेली आठवी सराव परीक्षा मागून घेतली, सव्वा तास घालवून सोडवली आणि पंधरा गुण मिळवले.

"आता सगळं स्वच्छ वाचता येतं," त्या म्हणाल्या. "वाचलं की विचार करावा लागतो, आणि विचार केला की चुकतं."

एक गोष्ट तेवढी उरली होती. सासूबाईंचे चव्वेचाळीस उलगडले होते. लॅबसरांचे एकोणीस नव्हते. ज्याला खऱ्या परीक्षेत सत्तेचाळीस मिळतात त्याला सरावात एकोणीस का मिळावेत? एका मोकळ्या दुपारी त्यांनी चौथ्या परीक्षेची वही काढली. समासात प्रत्येक प्रश्नापुढे शेवटी उरलेल्या दोन पर्यायांची अक्षरे होती. चौपन्न प्रश्नांत बरोबर उत्तर त्या दोघांत होते. म्हणजे विषय त्यांना येत होता. तिथून पुढे नाणे उडवले असते तरी सत्तावीस गुण झाले असते. विचार करून एकोणीस झाले होते.

त्या चौपन्नांतले चुकलेले पस्तीस प्रश्न त्यांनी एकामागून एक तपासले. तेहतीस ठिकाणी त्यांनी दोघांतला आखूड पर्याय घेतला होता आणि बरोबर उत्तर लांब होते. दोन ठिकाणी नुसती चूक होती.

त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले: दोन स्पष्टीकरणे सारखीच चालत असतील तर त्यांतले लहान घ्यावे, असे मी अठ्ठावीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. संच काढणाऱ्याने बरोबर उत्तरे लांब लिहिली. दोन पर्याय उरले की प्रत्येक वेळी मी सवयीने आखूड घेतला. लांब पर्याय मी शेवटपर्यंत वाचलेच नाहीत.